जुफैरचा चौथा मजला आणि बुदैयाचा समुद्र

बहरीनहून परत आले त्याला आता वर्ष होईल, तरी थिएटरातल्या बायका विचारायच्या थांबत नाहीत. तिकडे खायला काय मिळतं, झोपायला पलंग असतो का, अरब लोक बोलायला कसे असतात, आणि मग आवाज खाली आणून, "काम नेमकं काय असतं गं?" प्रत्येकीला वेगळं सांगून तोंड दुखलं. म्हणून एकदाचं सगळं लिहून काढते. मी दहावीपर्यंत शिकले आहे, पुढचं शिक्षण ढोलकीपाशी झालं, तेव्हा चुका पोटात घालाव्यात.

माझं नाव सुनंदा. बार्शीकडच्या एका संगीत बारीत मी सोळाव्या वर्षापासून लावणी करते. माझी आईही त्याच थिएटरात नाचायची. आता ती माझ्या मुलीला, तनुजाला, सांभाळते. गेल्या वर्षी थिएटर दुरुस्तीसाठी चार महिने बंद राहणार असं ठरलं, आणि त्याच सुमारास मुंबईच्या एका एजंटबाईचा फोन आला. बहरीनच्या एका हॉटेलात सहा बायकांचा संच पाहिजे, तीन महिन्यांचा व्हिसा, राहणं-जेवण हॉटेलचं. मी एकच प्रश्न विचारला, "स्टेजवरून खाली उतरावं लागेल का?" बाई म्हणाल्या, "नाही. स्टेजवर उभं राहायचं आणि तिथूनच वर आपल्या खोलीत जायचं." अशा फोनवर विश्वास ठेवून फसलेल्या बायकाही मला माहीत होत्या. म्हणून आधी तिकडे जाऊन आलेल्या दोघींशी बोलले आणि मगच हो म्हटलं. तनुजाला खरं सांगितलं. ती नववीत आहे, तिला खोटं सांगितलं तर कळतंच. ती म्हणाली, "बेट आहे ना ते? मग समुद्राचा फोटो पाठव. आपण दोघींनी कुठं पाहिलाय समुद्र."

विमानतळ

बहरीनच्या विमानतळावर माझी बॅग बाजूला काढली. तिच्यात आईनं दिलेली शेंगाचटणीची मोठी बरणी आणि काळ्या तिखटाची पिशवी होती. पिशवी वाटेत फुटली होती, त्यामुळे साड्यांपासून पावडरच्या डब्यापर्यंत सगळं तांबूस-काळं झालेलं. कस्टमचा तरुण अधिकारी हातमोजे घालून आला आणि बरणीकडे बोट दाखवून इंग्रजीत काहीतरी म्हणाला. मला एवढंच कळलं, की हे काय आहे. मी झाकण काढलं, चमचाभर चटणी तोंडात टाकली आणि चावून दाखवली. तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्यानं वाकून पिशवीचा वास घेतला आणि सलग सात वेळा शिंकला. शेजारचा अधिकारी हसायला लागला. बॅगेवर खडूची रेघ मारून त्यानं मला हातानंच जा म्हटलं. परदेशात माझं पहिलं स्वागत हे असं झालं.

बाहेर हॉटेलची पांढरी व्हॅन उभी होती. तिच्यापाशी पन्नाशी ओलांडलेला, बारीक अंगाचा एक माणूस माझ्या नावाचा कागद धरून होता. कागदावर मराठीत लिहिलेलं. "तुमी बार्शीकडच्या ना? मी दत्ताराम. गुहागर तालुका." बावीस वर्षं तो तिकडे गाडी चालवत होता. झिंज नावाच्या वस्तीत गावाकडच्याच पाच जणांबरोबर एका खोलीत राहायचा. पहिल्या दिवसापासून मी त्याला दत्ताकाका म्हणायला लागले आणि तो मला बाय.

जुफैर

जुफैर म्हणजे राजधानी मनामाचा एक भाग, नुसत्या उंच इमारती. खाली कॉफीची दुकानं, कबाबाचा वास, परदेशी आरमाराचे केस बारीक कापलेले गोरे पोरगे आणि टॅक्स्या. आमचं हॉटेल त्यातलंच. दुसऱ्या मजल्यावर हॉल, चौथ्यावर आम्हा सहाजणींचा फ्लॅट.

व्यवस्थापक होते भास्करअण्णा. उडुपीकडचे, पण ठाण्याच्या एका हॉटेलात दहा वर्षं काढलेली, त्यामुळे मराठी बरी बोलायचे. आल्या आल्या त्यांनी सगळ्यांचे पासपोर्ट कपाटात ठेवले. "माझ्याकडे सुरक्षित राहतील," म्हणाले. मला ते आवडलं नाही, तसं मी म्हटलंही. ते म्हणाले, "जाताना हातात देईन, इंशाल्ला." इंशाल्ला म्हणजे हो की नाही, हे कळायला मला पुढं महिना लागला.

आता कामाचं. जमेल तेवढं स्पष्ट लिहिते. रात्री नऊला हॉल उघडायचा. आम्ही सहाजणी चमकीचे घागरे घालून स्टेजवर ओळीत उभ्या राहायचो. एकजण सिनेमाची गाणी म्हणायचा, बाकी संगीत यंत्रातून. आम्ही नाचायचं नाही, डोलायचं. पहिल्या दिवशी सवयीनं मी गिरकी घेतली तर शेजारच्या अंजूच्या डोक्यावरचा मुकुट उडाला. अंजू लखनौची, चोवीस वर्षांची. ती दातावर दात ठेवून म्हणाली, "दीदी, बस हिलना है, उड़ना नहीं है." गिऱ्हाईक खुश झालं, की वेटरच्या हाती प्लॅस्टिकच्या फुलांची माळ पाठवायचं. वेटर ती आमच्या गळ्यात घालायचा, आम्ही नमस्कार करायचा, आणि पाच मिनिटांनी तोच वेटर ती काढून परत काउंटरवर नेऊन ठेवायचा. एक पिवळी माळ होती, तिचं एक फूल तुटलेलं. ती एका रात्रीत माझ्या गळ्यात इतक्यांदा यायची, की शेवटी मी तिच्याकडे ओळखीचं हसायला लागले.

आमच्या थिएटरात बैठकीला बसलेला माणूस दाद देतो ती ठेक्याला, एखाद्या नजरेला, शब्दावरच्या ठसक्याला. चूक झाली तर तोंड वाकडं करतो, तेही मला चालतं. इथं चूक करायलाच जागा नव्हती. लाज वाटली का, असं विचाराल तर लाज नाही वाटली. कंटाळा आला. हातात कला असलेल्या माणसाला नुसतं उभं करून ठेवलं, की जो कंटाळा येतो तो.

दिवस मात्र मजेत जायचे. बारापर्यंत झोप, मग स्वयंपाक. नेपाळची सरिता होती, तिच्या हाताला चव. दत्ताकाका येताना झिंजच्या भट्टीवरची गरम खुबूस घेऊन यायचे. ताटाएवढी मोठी, मध्ये फुगलेली रोटी. तिच्यावर शेंगाचटणी आणि तेल घालून दिलं, तर लखनौ आणि नेपाळ दोन्ही गप्प बसून खायचे. दुपारी आम्ही एकमेकींचे केस करायचो, घरी व्हिडिओ कॉल लावायचो. एकीच्या कॉलला सगळ्याजणी डोकावायच्या, त्यामुळे माझ्या आईला लखनौच्या अंजूच्या भावाचं लग्न कुठं अडलंय हेसुद्धा पाठ झालं होतं.

फ्लॅटच्या बाहेर मात्र एकटीनं पडायचं नाही. आठवड्यातून एकदा, रविवारी दुपारी तीन ते सहा, दत्ताकाका आम्हाला सुपरमार्केटला नेणार आणि आणून सोडणार. बाकी सहा दिवस लिफ्ट दोन आणि चार, एवढीच.

आणि तनुजा रोज विचारायची, "आई, समुद्राचा फोटो?"

सहा आठवडे झाले होते. मी बेटावर राहत होते आणि समुद्र पाहिला नव्हता. येताना विमानात मधली जागा मिळाली होती. खिडकीतून समोरचा टॉवर दिसायचा, त्याच्या मागं दुसरा. समुद्र तिथून दोन गल्ल्यांवर आहे असं सगळे म्हणायचे, पण तिकडच्या बाजूला आरमाराचा तळ आणि त्याचं कुंपण. तनुजाला मी टॉवरचेच फोटो पाठवत राहिले.

तो रविवार

जानेवारीतला रविवार होता. हवा आपल्याकडच्या दिवाळीसारखी. अंजू, सरिता आणि मी, तिघीच निघालो होतो. बाकीच्या झोपल्या होत्या. सुपरमार्केटच्या पार्किंगमध्ये गाडी थांबली आणि मी उतरलेच नाही.

"दत्ताकाका, समुद्र दाखवा."

"आज नको बाय. अण्णांनी फक्त हितंच आनायला सांगितलंय."

"किती लांब आहे?"

"बुदैयाचा किनारा अर्ध्या तासावर. पन मला न्यायची परवानगी नाय."

मी म्हटलं, "सहा आठवडे झाले. मुलीला काय सांगू, की तुझी आई बेटावर जाऊन कांदे-बटाटे बघून आली?"

ते स्टिअरिंगवर बोटं वाजवत राहिले. मग म्हणाले, "धा मिन्टं. फोटो काडायचा आनि माघारी." आणि गाडी वळवली. हे मुद्दाम लिहिते आहे. हट्ट माझा होता, त्यांचा नाही.

बुदैयाला खजुराच्या बागा संपल्या आणि समोर पाणी आलं. मी गाडीतून उतरले आणि तशीच उभी राहिले. काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. आमच्या भागात डोळ्यापुढे नेहमी काहीतरी असतं, बांध, लिंबाचं झाड, टाकी. इथं नजर गेली ती गेलीच, तिला अडवायला काही नव्हतं. पाण्याचा रंग काचेच्या हिरव्या बांगडीसारखा, आणि दूरवर सौदीकडे जाणारा पूल एखाद्या रेघेसारखा.

दत्ताकाका कमरेवर हात ठेवून नाक मुरडत उभे होते. "ह्याला काय समुद्र म्हनायचा बाय? लाट हाय कुठं? आमच्याकडं याचा आवाज गावाभायेर ऐकायला येतो. हे तर तळं."

"मला पुरे आहे," मी म्हटलं आणि साडी वर खोचून पाण्यात गेले. अंजू माझ्या मागं, सरिता तिच्या मागं. पाणी कितीही आत गेलं तरी पोटरीपर्यंतच. मी फोटो काढले, तनुजाला पाठवले, आणि मग आम्ही तिघी एकमेकींवर पाणी उडवत शाळेतल्या पोरींसारख्या ओरडत राहिलो.

दहा मिनिटांनी दत्ताकाकांनी हाक मारली. गाडी पाण्याच्या अगदी जवळ आणली होती, आणि ती आता ओल्या वाळूत रुतली होती. समुद्राला तळं म्हणणाऱ्या गुहागरच्या माणसाची गाडी. आम्ही मागून ढकललं, चाकाखाली पुठ्ठे घातले, सुपरमार्केटच्या रिकाम्या पिशव्या घातल्या. चाकं फिरत राहिली आणि आमच्या तोंडावर चिखल उडत राहिला. साडेचार झाले. दत्ताकाकांचं तोंड उतरलं. "बावीस वर्सांत एक तक्रार नाय माझ्या नावावर," ते हळूच म्हणाले. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं, मी काय करून बसले आहे ते. आमचा व्हिसा तीन महिन्यांचा, आम्ही गेलो तर घरी जाणार. त्यांची सगळी नोकरी त्या गाडीवर होती.

थोड्या अंतरावर, ओढून ठेवलेल्या होड्यांपाशी, एक म्हातारे अरब गृहस्थ तारेचा मोठा सापळा दुरुस्त करत बसले होते. उलट्या टोपलीसारखा तो सापळा मासे धरायचा असतो, हे नंतर कळलं. ते उठून आले, चाकं पाहिली आणि चक्क हिंदीत म्हणाले, "अभी नहीं निकलेगा. मेरा लड़का पिकअप लेके आता है. एक घंटा. तुम लोग बैठो, चाय पियो."

त्यांचं नाव हाजी यूसुफ. पंचाहत्तरीचे असतील. वडील मोत्यांचे व्यापारी होते, त्यांच्याबरोबर लहानपणी मुंबईला खूपदा राहिले होते, हिंदी तिथली. थर्मासमधला दुधाचा, वेलदोड्याचा चहा त्यांनी छोट्या पेल्यांत दिला. मग सहज विचारलं, "तुम लोग क्या काम करता है इधर?"

अशा प्रश्नाला आम्हा सगळ्यांचं ठरलेलं उत्तर होतं. अंजूनं खाली बघत ते दिलं, "ब्यूटी पार्लर."

हाजींनी मान डोलावली. आमच्या तोंडावर तेव्हा चिखल होता. मला ते खोटं नको वाटलं. ज्या माणसाचा चहा हातात होता त्याला तर नकोच. मी म्हटलं, "नहीं हाजीसाब. हम होटल में नाचते-गाते हैं. तीन महीने का वीज़ा है."

अंजूनं माझ्याकडे असं पाहिलं, की आता हे उठून जाणार. दत्ताकाका वाळूकडे बघत होते. हाजींनी पेला खाली ठेवला.

"तीन महीना?" ते म्हणाले. "मेरा दादा चार महीना दस दिन जाता था. वो भी गाने के वास्ते."

मग त्यांनी सांगितलं. पूर्वी उन्हाळ्यात मोती काढायला जहाजं निघायची, ती चार महिने दहा दिवस समुद्रावरच. जहाजावर पाणबुडे असत, दोर ओढणारे असत, आणि एक माणूस फक्त गाण्यासाठी. त्याला नह्हाम म्हणत. दोर ओढताना, शीड चढवताना तो गायचा आणि बाकीचे घशातून खर्ज लावायचे. चांगला गाणारा असला, की दुसरे जहाजवाले त्याला पळवून नेत. "गाना नहीं, तो हाथ नहीं चलता," हाजी म्हणाले. "लेकिन घर में मेरा दादी किसी को नहीं बोलती थी कि आदमी गाने का नौकरी करता है. बोलती थी, दोर खींचता है."

आमच्या ब्यूटी पार्लरवर मग पाचहीजण हसलो.

मी त्यांना एक गाणं म्हणायला सांगितलं. त्यांनी डोळे मिटले. आधी नुसता खर्ज, छातीतून येणारा, जसं दूरवर एखादं मोठं जनावर हंबरतंय. मग त्यावर उंच, लांब आवाज. शब्द कळत नव्हते, पण कुणीतरी घरची आठवण काढत होतं हे कळायला शब्द लागत नव्हते. मी शेजारचं प्लॅस्टिकचं पिंप पालथं घातलं आणि ठेका धरला. त्यांचा ठेका सरळ नव्हता, मी दोनदा चुकले. त्यांनी डोळे न उघडता माझ्या मनगटावर बोट आपटून मात्रा दाखवली. तिसऱ्यांदा जमलं. मग मी एक बैठकीची लावणी म्हटली, बसूनच, नुसत्या हाताच्या अदेनं. सहा आठवड्यांत पहिल्यांदा मी चुकण्याइतकं काहीतरी करत होते. सूर्य पाण्यात गेला तेव्हा पिकअप आली.

अण्णा

गाडी वाळूतून निघेपर्यंत अंधार पडला, हॉटेलवर पोचायला पावणेआठ झाले. अण्णा पार्किंगमध्येच उभे होते. त्यांनी दत्ताकाकांपुढे हात पसरला. "चावी."

काकांनी चावी दिली.

"उद्यापासून येऊ नका. तीन मुली, पावणेदोन तास पत्ता नाही, फोन कुणी उचलत नाही. मी पोलिसांना काय सांगणार होतो?"

काकांनी माझ्याकडे बघितलंही नाही. माझं नाव घेतलं असतं, तर मला बरं वाटलं असतं.

"अण्णा," मी म्हटलं, "गाडी मी वळवायला लावली. ते नको म्हणत होते. शिक्षा द्यायची तर मला द्या. मला परत पाठवा, काकांना काढू नका."

"ठीक आहे, जा मग," अण्णा म्हणाले. "बुधवारचं तिकीट काढतो." आणि किल्ली खिशात टाकून वर गेले. काकांचं काय, ते म्हणालेच नाहीत.

त्या रात्री मी स्टेजवर डोलत उभी होते, पिवळी माळ येत-जात होती, आणि डोक्यात एकच चालू होतं, की गुहागरला आता फोन जाईल. तनुजानं समुद्राच्या फोटोखाली लिहिलं होतं, "आई, तू किती हसतीयेस." ते वाचून आणखीच वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून खाली पाहिलं, तर दत्ताकाका इस्त्रीचा शर्ट घालून पार्किंगमध्ये स्टुलावर बसलेले. येऊ नका म्हटलं होतं, तरी आले होते. अकराच्या सुमारास फ्लॅटमधला फोन वाजला. अण्णा म्हणाले, "सुनंदा, खाली ऑफिसात ये."

ऑफिसात हाजी यूसुफ बसले होते. स्वच्छ पांढरा झगा, डोक्याला रुमाल. टेबलावर वर्तमानपत्रात गुंडाळलेली एक पाटी होती. आमच्याच गाडीची नंबरप्लेट. दोर लावून ओढताना ती वाळूत पडली होती आणि आम्ही तशीच, बिननंबरची गाडी घेऊन अख्खं मनामा ओलांडून आलो होतो. गाडीच्या अंगावर हॉटेलचं नाव होतं, ते लक्षात ठेवून हाजी आले होते. पायाशी थर्माकोलची पेटी, तिच्यात बर्फ आणि मासे.

अण्णा त्यांच्याशी फार अदबीनं बोलत होते. मी आत गेले तसे हाजी म्हणाले, "ये बहन बुधवार को जाता है, ऐसा बोला. क्यों? कल मैंने इनको रोका. मेहमान को चाय पिलाए बिना छोड़ दिया, तो मेरा बीवी मेरे को घर में नहीं लेगा."

किती सोपं होतं. मान डोलावली असती तर संपलं असतं. पण गाडी आधी रुतली होती आणि चहा नंतर झाला होता, आणि हे म्हातारे गृहस्थ माझ्यासाठी खोटं बोलत होते.

"नाही अण्णा," मी म्हटलं. "त्यांनी नाही थांबवलं. आम्हीच गेलो, गाडी आमचीच रुतली. यांनी बाहेर काढली. मला फक्त समुद्र बघायचा होता."

अण्णा माझ्याकडे वळले. "सहा आठवड्यांत बघितला नव्हतास?"

"नाही."

"इथून दोन गल्ल्या..." ते म्हणाले आणि थांबले. दोन गल्ल्यांवर जायची परवानगी कुणी दिली नव्हती, हे त्यांच्याच लक्षात आलं असावं. त्यांनी पाटी उचलली, ड्रॉवरमधून स्क्रूड्रायव्हर काढला आणि खाली गेले. मी आणि हाजी खिडकीशी गेलो. अण्णांनी दोन्ही वस्तू दत्ताकाकांच्या हातात दिल्या, आणि किल्लीही. काय बोलले ते वर ऐकू आलं नाही. काका गाडीपुढे गुडघ्यावर बसून पाटी लावायला लागले. स्क्रू दोनदा हातातून पडला.

मासे चौथ्या मजल्यावर गेले. साफी नावाचे ते मासे, तळहाताएवढे. मी बार्शीची, मटणातली. सरिताला नदीचा मासा येत होता. शेवटी दत्ताकाका, बाईमाणसांच्या फ्लॅटमध्ये पाऊल न टाकता, दाराबाहेर उभं राहून एकेक सूचना देत राहिले. "सोलं नायत? मग चिंच घाल बाय. आता हळद. आता हलवू नको." मी त्यात आईचं काळं तिखट घातलं तेव्हा ते दुखावले, पण वास असा सुटला, की दुसऱ्या मजल्यावरून अण्णा तणतणत वर आले. हॉलमध्ये वास येतोय, पडद्यांना लागेल, खिडक्या उघडा. सरितानं त्यांच्या हातात ताट दिलं. ते दारातच स्टुलावर बसले, दत्ताकाकांच्या शेजारी. दुसऱ्यांदा भात मागताना म्हणाले, "बुधवारचं तिकीट मफी."

मफी म्हणजे नाही. हे मात्र मला पहिल्या आठवड्यातच कळलं होतं.

शेवटचा रविवार

त्यानंतर दर रविवारी सहाहीजणी बुदैयाला जायचो. अण्णांनी अट घातली, की गाडी डांबरावरच उभी करायची. दत्ताकाका ती अट आम्हाला दर रविवारी ऐकवायचे, जणू गाडी आम्हीच चालवत होतो. एका रविवारी अण्णा स्वतः आले, पँट वर दुमडून पाण्यात उभे राहिले आणि उडुपीला फोन लावला. पासपोर्टही त्यांनी ठरल्यादिवशी हातात दिला. पण परतीचं सगळं सांगत नाही. त्याआधीचा शेवटचा रविवार सांगते आणि थांबते.

हाजींच्या बायकोनं आम्हाला घरी जेवायला बोलावलं. तिला सगळे उम्म अली म्हणत, म्हणजे अलीची आई. पुरुषांसाठी एक खोली, बायकांसाठी दुसरी. दत्ताकाका हाजींबरोबर तिकडे गेले आणि आम्ही आतल्या मोठ्या दालनात. दहा-बारा बायका होत्या, लेकी, सुना, शेजारणी. दार लागलं तशा सगळ्यांनी काळे बुरखे काढून खुंटीला लावले, आणि आत काय एकेक रंग. गुलाबी, जांभळा, जरीचा. आम्ही रोज चमकी घालून पुरुषांपुढे उभ्या राहायचो आणि या घरी चमकी घालून एकमेकींपुढे. गालिच्यावर एकच मोठी परात आली, माचबूस म्हणजे मसाल्याचा भात आणि वर अख्खा मासा. सगळ्यांनी तिच्यातच जेवायचं. उम्म अली माशाचे चांगले तुकडे काढून माझ्या बाजूला सरकवत होती. आपल्याकडे पाहुण्याला आग्रह करकरून वाढतात, तसंच ते, फक्त ताट वेगळं नाही.

जेवण झाल्यावर धाकटी सून मरियम, जिला थोडं हिंदी येत होतं, म्हणाली, "अम्मा बोलती है, बाबा ने तुम्हारा गाना सुना. हमने नहीं सुना."

मी पदर खोचला. एका शेजारणीनं डफ घेतला, बाकीच्या टाळ्या. लावणी होती नवरा परगावी गेलेल्या बाईची. मरियमला मी अर्थ हातानंच सांगितला, हा दूर गेला, ही दाराशी उभी, शेजारीण विचारते आणि ही खोटं सांगते, की आजच येणार. मरियमनं ते अरबीत सांगितलं आणि त्या बायका अशा हसल्या, की दोघींना खोकला आला. तिथल्या निम्म्या बायकांचे आजे-पणजे चार महिने दहा दिवस समुद्रावर गेलेले. मग मी नाचले. गालिच्यावर, अनवाणी, कुठंच न आखडता. किती वेळ ते माहीत नाही. मध्येच अंजू उठली, मग सरिता, मग मरियम केस मोकळे सोडून मान फिरवायला लागली, तसं तिकडचं नाचणं असतं. सगळ्यात शेवटी उम्म अली भिंतीला धरून उठली आणि दोन पावलं माझ्याबरोबर टाकली. कुणी माळ आणली नाही.

थांबले तेव्हा धाप लागली होती. मी गालिच्यावर बसले. उम्म अली माझ्यासमोर हळूहळू खाली बसली आणि तिनं माझा डावा पाय उचलून आपल्या मांडीवर घेतला. मी दचकून ओढायला गेले. माझ्या आईच्या वयाची, हजला जाऊन आलेली बाई, आणि माझा पाय. तिनं घोटा घट्ट धरला. छोट्या बाटलीतलं तेल तळहातावर घेतलं आणि टाचेपासून वर चोळायला लागली, सतरा-अठरा वर्षांत जिथं भेगा पडल्यात आणि कातडं निबर झालंय तिथं. मग काहीतरी विचारलं.

मरियम म्हणाली, "पूछती है, दुखता है क्या."

मी आधी नाही म्हटलं. मग हो म्हटलं.

बाहेर दत्ताकाकांनी हॉर्न दिला. सहा वाजत आले होते. उम्म अलीनं दाराकडे पाहिलंसुद्धा नाही. माझा डावा पाय तिनं हलकेच खाली ठेवला आणि उजवा मागितला.